डोंबिवलीला वेगळा चंद्र

माझ्या सुनेला मी आळशी म्हणेन, विसरभोळी म्हणेन, तिच्या आमटीला गढूळ पाणी म्हणेन. तो माझा हक्क आहे. पण बाहेरच्या कुणी तिला 'नाही' म्हटलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. हे सगळं त्या एका 'नाही'वरून झालं.

आमचं चौघांचं घर, डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. मी, मुलगा सुदेश, सून योगिनी आणि नात मैथिली. योगिनी लग्नाआधीपासून कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. मैथिलीच्या वेळी नोकरी सोडली ती सोडलीच. आता मैथिली आठवीत गेली, तिला शिंगं फुटली, आईची गरज डबा भरण्यापुरती उरली. तेव्हा योगिनीने परत नोकरी करायची ठरवली. मी म्हटलं, कर बाई. मी कशाला अडवू? फक्त सकाळचा स्वयंपाक आटपून जा.

पण नोकरी देतंय कोण! जाईल तिथे एकच प्रश्न, मधली वर्षं काय केलंत? काय केलं म्हणजे? पोर वाढवली, घर चालवलं, सासू सांभाळली. आणि माझ्यासारखी सासू सांभाळायची तर अंगात पाणी लागतं, हे मी स्वतः सांगते. पण त्याचं सर्टिफिकेट कोणी देत नाही.

शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीने जरा बरं तोंड केलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुमचा अनुभव जुना झाला. हल्ली केलेलं काहीतरी दाखवा. ओपन सोर्समध्ये थोडं काम करा, त्याची लिंक पाठवा. इंटरव्ह्यूला तेच उघडून बोलू."

संध्याकाळी दोघी गवार मोडत बसलो होतो, तेव्हा मी विचारलं.

"ओपन सोर्स म्हणजे काय गं?"

"सॉफ्टवेअरच असतं आई, पण कोणा एकाच्या मालकीचं नाही. सगळ्यांसाठी उघडं. कोणीही आतून बघावं, काही चुकलं असेल तर दुरुस्त करून पाठवावं."

"आणि पगार?"

"पगार नसतो."

"चहापाणी?"

"आई, जगभरातली माणसं करतात. आपापल्या घरी बसून."

"म्हणजे घरी बसून फुकट राबायचं. मग ते तू तेरा वर्षं करतेच आहेस. त्याचीच लिंक पाठव."

ती हसली नाही. गवारीच्या शिरा ओढत राहिली. तेव्हा मला कळलं की ह्या वेळी पोरगी मनावर घेऊन बसलीय.

मी चौथीपर्यंत शिकले, पण मला समजावून सांगितलं तर समजतं. आमच्या भजनी मंडळाचा महाप्रसाद असतो ना, तसंच हे. पुऱ्या लाटायला कोणीही यावं, कोणाला नाही म्हणत नाही. पण भाजीत मीठ एकच बाई घालते, आणि ती बाई मी आहे. दहा जणींनी मीठ घातलं तर गाव उपाशी जाईल. ह्या सॉफ्टवेअरमध्येही तसंच. कोणीही काम करून पाठवावं, त्याला ते पुल रिक्वेस्ट म्हणतात. आणि आत घ्यायचं की नाही ते मीठवाली माणसं ठरवणार.

आता काम कुठलं करावं? योगिनीने निवडलं 'उगवला का'. हे फुकटचं अ‍ॅप आहे, संकष्टीला चंद्र कधी उगवणार ते सांगतं आणि वेळ झाली की घंटा वाजवतं. माझ्या मोबाईलवर तिनेच टाकून दिलं होतं. पूर्वी आमच्या गॅलरीतून चंद्र दिसायचा. आता समोर टॉवर झालाय. त्यातले बाराव्या मजल्यावरचे गृहस्थ आंघोळीला कधी गेले ते दिसतं, चंद्र दिसत नाही. त्यामुळे घंटेवर भागवायचं.

त्या अ‍ॅपमध्ये आपलं गाव निवडायचं असतं. यादी भलीमोठी. ठाणे आहे, कल्याण आहे, कर्जत आहे. डोंबिवली नाही! एवढी माणसं राहतात इथे, पण चंद्राच्या हिशोबात आम्ही नाहीच. कल्याण लावा, असं योगिनी म्हणाली होती. मी रत्नागिरी लावलं. माहेरचा चंद्र चालेल, कल्याणचा नको.

योगिनीच्या मनात होतं की त्या अ‍ॅपमधली अक्षरं जरा मोठी करून द्यावीत. म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाहीत म्हणे.

"कोण म्हातारं?" मी विचारलं.

"असंच, जनरल म्हणतेय मी."

"अक्षरं राहू देत. डोंबिवली घाल."

"आई, त्यांचे काही नियम असतात. आधी वाचायला लागतील. लांबलचक आहेत, इंग्लिशमध्ये."

"नियम वाचत बसणारा बसून राहतो. समोरच्या टॉवरवाल्याने वाचले होते का? एका गावाचं नाव घालायला नियम कसले? घाल म्हणते ना मी."

घातलं तिने. काम तसं एका ओळीचं, पण तिने त्याला दोन दुपारी लावल्या. आत शिरायचं कसं, आपली प्रत काढायची कशी, परत पाठवायचं कसं, सगळं जुनं आठवायचं आणि नवं शिकायचं. सोबत एक निरोप लिहायचा होता. तो तिने लिहिला, पुसला, परत लिहिला. "आई, 'हाय' लिहू की 'हॅलो' लिहू?" मी म्हटलं, "'सा. न. वि. वि.' लिही." शेवटचं बटण दाबायला तिने बराच वेळ लावला. लग्नात माझ्या सुदेशला हार घालायला लावला नव्हता तेवढा. दाबल्यावर उठली, देवाला नमस्कार केला, आणि लगेच कंपनीच्या बाईंना लिंक पाठवूनसुद्धा दिली. तेवढी घाई करायला नको होती. पण आनंदाला कोण आवरणार?

दोन दिवसांनी उत्तर आलं. योगिनीने ते मनात वाचलं आणि लॅपटॉप हळूच मिटला. मी उघडायला लावला.

'नमस्कार. आपण घेतलेल्या परिश्रमांबद्दल मनःपूर्वक आभार. तथापि नियमावलीतील चौथा परिच्छेद आपल्या वाचनात आलेला दिसत नाही. यादीतील गावापासून दहा किलोमीटरच्या आतील गाव आपण स्वतंत्रपणे घेत नाही, कारण चंद्रोदयाच्या वेळेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. डोंबिवलीकरांनी कल्याण निवडावे. - उत्तरा, ठाणे.'

इतक्या शुद्ध मराठीत माझा अपमान आजवर कोणी केला नव्हता. डोंबिवलीकरांनी कल्याण निवडावे! आणि सांगतंय कोण? ठाणं!

"चूक माझीच आहे," योगिनी म्हणाली. "मी वाचायला हवं होतं. हे मी मागे घेते आणि अक्षरांचं पाठवते. फक्त ती लिंक कंपनीकडे गेलीय. इंटरव्ह्यूच्या आत काहीतरी चांगलं दिसायला पाहिजे तिथे. नाहीतर उघडतील आणि पहिलं हेच वाचतील, बाईने नियम वाचले नाहीत."

"मागेबिगे घ्यायचं नाही."

"आई, प्लीज. तुम्ही यात पडू नका."

यात पडू नका असं मला आजवर बऱ्याच जणांनी सांगितलं आहे. आमच्या गल्लीतला दिवा बंद पडला होता तेव्हा महापालिकेचा साहेबही हेच म्हणालेला. मी मंडळाच्या बायका घेऊन त्याच्या ऑफिसात गेले, सतरंजी अंथरली आणि भजन सुरू केलं. दुसऱ्या अभंगाला खांबावर माणूस चढला. माझी कामाची पद्धत ही अशी आहे. अर्ज करणाऱ्याला तारीख मिळते, टाळ वाजवणाऱ्याला दिवा मिळतो.

मंगळवारी कल्पिताकडे भजन होतं. कल्पिता आमच्या मंडळाची सेक्रेटरी, मोबाईलमध्ये हुशार. मी तिला सगळं सांगितलं.

ती भडकली. "काकू, डोंबिवली नाही म्हणजे काय? आपण काय माणसं नाही?"

"तिथे लिहिता येतं का आपल्याला?"

"उघडं आहे ना? मग येणार. फक्त खातं काढायला लागेल."

आरती झाल्यावर प्रसादाच्या आधी तिने एकेकीचा मोबाईल घेऊन खाती काढून दिली. चाळीसेक बायका असतील. ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी लिहिलं, बाकीच्यांनी फुलांची चित्रं टाकली. योगिनीच्या त्या एका ओळीखाली रांग लागली. 'योगिनी ही आमच्या मंडळाची सून आहे, तरी तिचे काम मंजूर करावे, समस्त भगिनी.' 'डोंबिवलीचा विजय असो.' 'गावाचे नाव मिळाले नाही म्हणून अ‍ॅप काढून टाकले.' गुलाब, समया, उगवत्या सूर्याखाली शुभ सकाळ. आमच्या प्रीतीला वाटलं तक्रार करायची जागा आहे, तिने लिहिलं, 'बी विंगला पाणी कमी दाबाने येते, लक्ष द्यावे.' एकीने तर भाच्याची पूर्ण माहिती टाकली. बी. ई., उंच, निर्व्यसनी, स्वतःचा वन बीएचके, पत्रिका पाहणार नाही.

मी समाधानाने दोन वेळा शिरा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगिनी खोलीतून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई, तुम्ही काय केलंत?"

"पाठिंबा दिला."

"कोणी मागितला होता?"

"पाठिंबा मागायचा नसतो, द्यायचा असतो."

तिने लॅपटॉप माझ्यासमोर धरला. त्या ठाण्याच्या बाईने खाली लिहिलं होतं, 'हे काम मतदानावर चालत नाही. जमाव आणणाऱ्या सदस्यास प्रतिबंधित केले आहे. चर्चा बंद.' आणि खाली कुलपाचं चित्र.

"प्रतिबंधित म्हणजे?"

"म्हणजे मला हाकललंय. त्यांना वाटतंय, ही माणसं मी आणली. आता मी तिथे काही लिहू पण शकत नाही, दुसरं काही पाठवू पण शकत नाही. आणि कंपनीवाले लिंक उघडतील तेव्हा त्यांना काय दिसेल? समया! आणि त्या भाच्याची उंची!"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, मग मलाही ओरडता आलं असतं. आत गेली आणि स्वयंपाकाला लागली. त्या दिवशी आमटी इतकी झकास झाली की मला बोलायला जागाच ठेवली नाही. आणि ती माझ्याशी बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

सुदेश रात्री म्हणाला, "आई, जगात सगळीकडे मोर्चा नाही काढायचा."

"तुझ्या शाळेची अ‍ॅडमिशन कशी झाली होती, ठाऊक आहे का?"

"ठाऊक आहे. त्या हेडमास्तरांनी दहावीपर्यंत मला 'भजनाचा मुलगा' म्हणून हाक मारली."

माझा मुलगा, पण बायकोच्या बाजूने. असो. तसाच असावा.

मी ठरवलं, त्या उत्तराबाईला समोरासमोर गाठायचं. लिहिण्यात माणूस कडक असतो, तोंडावर नरमतो. ठाण्यातली उत्तरा, चंद्राचं अ‍ॅप काढणारी, एवढीच माहिती. कल्पिताने तिच्या नणंदेला फोन केला, नणंदेने तिच्या योगाच्या बाईंना, आणि तिसऱ्या फोनात पत्ता हातात. नौपाडा, पहिला मजला, दारात तगरीचं झाड. परदेशातल्या माणसांना जमेल का हे? रिकाम्या हाताने कोणाकडे जायचं नसतं, म्हणून गावाहून आलेलं कुळथाचं पीठ पिशवीत घेतलं आणि निघाले. घरात कोणाला सांगितलं नाही.

दार उघडलं ते माझ्याच वयाच्या बाईने. पांढरे बॉबकट केस, इस्त्रीची सुती साडी, चष्मा नाकाच्या टोकावर. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेली. मला वाटलं होतं कोणी तरणी फटाकडी असेल. समवयस्क निघाली म्हणजे काम अवघड, मी मनात म्हटलं.

"मी मंजुळाबाई. डोंबिवलीहून आले."

तिने चष्मा वर केला. "एकट्याच आलात? बाकीच्या खाली उभ्या आहेत का?"

बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी पिठाची पिशवी पुढे केली.

"हे काय?"

"कुळीथ. घरचं. पिठी करा."

"ठेवून घेते, मला आवडतं. पण ह्याचा त्या कामाशी काही संबंध नाही."

"मी कुठे म्हटलं आहे म्हणून?"

"तुमचा चेहरा म्हणतोय."

बाई तयारीची होती. मी सरळ विषयाला हात घातला. "एवढंसं नाव आहे बाई. बोट दाबा आणि घेऊन टाका. तुमचं काय जातं?"

"आज डोंबिवली घेतली, तर उद्या ठाकुर्ली येईल."

"ठाकुर्ली? ठाकुर्लीला कोण विचारतंय?"

"मी डोंबिवलीबद्दल नेमकं हेच लिहिलं होतं."

मी पाण्याचा घोट घेतला. मग म्हटलं, "तुम्ही संकष्टी करता का?"

"नाही. मी देव मानत नाही."

"मग चंद्राच्या वेळा काढत कशाला बसता?"

"चंद्राला मानते. आमची आई करायची. आभाळ भरून आलं की गॅलरीत उपाशी बसून राहायची, उगवला का, उगवला का, असं विचारत. तिच्यासाठी मी वहीत आकडेमोड करून द्यायचे. ती गेल्यावर अ‍ॅप झालं."

ऐकून मी जरा नरमले. पण काम सोडून द्यायला मी काय पाहुणचाराला गेले होते?

"हे बघा, तुम्ही मुख्य आहात. तुम्ही हो म्हटलंत की झालं."

"मी मुख्य नाही. एक गृहस्थ नाशिकला आहेत, एक जर्मनीत. आणि आम्हीसुद्धा काही ठरवायचं तर त्या पानावर लिहून ठरवतो, कोणालाही वाचता येईल असं. कानात सांगून तिथे काही होत नाही, मंजुळाबाई. म्हणूनच त्याला उघडं म्हणतात."

"मग मी ठाण्याला आले कशाला?"

"ते मलाही अजून समजलेलं नाही."

मला तिथून उठावंसं वाटलं. पण डोळ्यांसमोर योगिनीचा तो पांढरा चेहरा आला. सोमवारी तिचा इंटरव्ह्यू होता. मी गळा साफ केला.

"बायका मी पाठवल्या होत्या. योगिनीला काही माहीत नव्हतं. ती मागे घ्यायला निघाली होती, मी घेऊ दिलं नाही."

उत्तराबाईने चष्मा काढून पुसला. "हे तुम्ही तिथे लिहाल?"

"तुम्हाला सांगितलं ना तोंडाने."

"मला सांगून उपयोग नाही. तिच्यावर ठपका चारचौघांत बसलाय. तो चारचौघांतच पुसायला हवा. मी पान उघडून देते, तुम्ही लिहा."

चारचौघांत! मंडळाच्या सगळ्या बायका ते वाचणार. नाशिकचा माणूस वाचणार, जर्मनीचा वाचणार. आयुष्यात मी अर्जावर सही केली असेल, रेशनवर केली असेल, पण 'हे माझ्यामुळे झालं' असं कुठे लिहून दिलेलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही. ते गेले बिचारे वाट बघून.

तिने कॉम्प्युटर लावून दिला, मराठी अक्षरांची बटणं दाखवली आणि चहा ठेवायला आत गेली. मुद्दाम गेली असणार. मी एका बोटाने लिहीत बसले. चहा होऊन गार झाला तरी मी लिहीतच होते.

'बायका मी पाठवल्या होत्या. सुनेला ठाऊक नव्हते. तिला शिक्षा नको. बी विंगचे पाणी आणि भाचा ह्यांकडे लक्ष देऊ नये. मंजुळा, डोंबिवली पूर्व.'

उत्तराबाईने वाचलं. "'माफ करा' राहून गेलं का?"

"राहून नाही गेलं. लिहिलंच नाही."

ती हसली. पहिल्यांदाच. मग तिने दोन बटणं दाबली आणि म्हणाली, "सुनेला उघडलंय. पण डोंबिवली मी घेतलेली नाही. नियम आहे तो आहे."

"बघू," मी म्हटलं आणि चप्पल घातली.

घरी पोचले तर योगिनी दारातच उभी. माझं लिहिलेलं तिने वाचलं होतं. पाणी आणून दिलं आणि माझ्या हातातली रिकामी पिशवी घेतली. मला वाटलं, जिंकलो. आता ही बसेल आणि त्या बाईला खणखणीत उत्तर देईल.

बसली खरी. रात्रीची भांडी मी घासली आणि ती लिहीत बसली. सकाळी कल्पिताचा फोन आला.

"काकू, वाचलंत का? योगिनीने काय लिहिलंय?"

"काय?"

"वाचूनच दाखवते. 'नियम बरोबर आहे, मी तो आधी वाचायला हवा होता. डोंबिवली आणि कल्याणच्या चंद्रोदयात फरक नाही, त्यामुळे डोंबिवलीला वेगळ्या वेळेची गरज नाही.' काकू, गरज नाही म्हणते! घरचीच सून!"

माझ्या हातातून चहाची गाळणी पडली. "पुढे?"

"पुढे म्हणते, 'पण वरच्या गर्दीत चार जणींनी खरी अडचण लिहिली आहे. गावाचं नाव शोधलं, सापडलं नाही, म्हणून त्यांनी अ‍ॅप काढून टाकलं. तेव्हा कोणी डोंबिवली शोधलं तर नाव सापडावं आणि वेळ कल्याणची दिसावी, एवढं मी करून पाठवते आहे.' काकू, सगळ्या विचारतायत. काय लिहायचं? उत्तर द्यायचं ना? मी ग्रुपवर टाकते, दुपारपर्यंत सगळ्यांचं लिहून होईल."

"थांब जरा," म्हटलं आणि फोन हातात धरूनच आत गेले.

योगिनी पोळ्या करत होती.

"तू माझ्याविरुद्ध लिहिलंस. चारचौघांत."

"तुमच्याविरुद्ध नाही लिहिलं आई."

"नाव आमचं आणि चंद्र कल्याणचा?"

"हो."

"महापालिकेच्या नावातही आधी कल्याण, मग डोंबिवली, ते कमी होतं का?"

"आई, चंद्र एकच आहे. मला नाव सापडायला हवं होतं, ते सापडेल." तिने पोळी उलटली. "नियम वाचून काढले काल, सगळे. शेवटपर्यंत. हेच बरोबर आहे."

पूर्वी ती असं बोलायची तेव्हा शेवटी 'ना' असायचं. हेच बरोबर आहे ना आई? ह्या वेळी 'ना' नव्हतं. पोळीही जळली नव्हती.

फोनमधून कल्पिता ओरडत होती. "काकू? काकू, टाकू का ग्रुपवर?"

मी चूल, म्हणजे गॅस बघितला, पोळ्यांची चळत बघितली, सुनेची पाठ बघितली. माझ्या एका शब्दावर चाळीस बायका तिथे उभ्या राहिल्या असत्या. आणि परत ते कुलूप लागलं असतं.

"कल्पिता, कोणी काही लिहायचं नाही."

"काय?"

"एक अक्षर नाही. फूलसुद्धा नाही. भाच्याच्या मावशीला तर मुद्दाम सांग."

"पण काकू, डोंबिवलीचा प्रश्न आहे!"

"डोंबिवली आहे तिथेच आहे, कुठे पळून जात नाही. पोरीचा इंटरव्ह्यू सोमवारी आहे. फोन ठेव."

तुम्हाला सांगते, गल्लीत दिवा आणणं सोपं होतं. तोंड बंद ठेवून बसणं हे काम मी पहिल्यांदाच करत होते. तो सबंध शुक्रवार आणि शनिवार माझ्या जिभेला खाज सुटली होती. दोन वेळा कल्पिताचा नंबर काढला आणि ठेवला. शेवटी मैथिलीच्या कपाटातलं सगळं सामान बाहेर काढलं आणि तिला बोलून घेतलं.

रविवारी दुपारी उत्तर आलं. योगिनी दुधावर लक्ष ठेवून उभी होती, मोबाईल हातात. तिने वाचलं आणि तशीच उभी राहिली. दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला आणि मोबाईल तिच्या हातातून घेतला. 'हे आम्हाला सुचलं नव्हतं. स्वीकारले आहे. पुढील कामाची वाट पाहते. - उत्तरा, ठाणे.' 'तथापि' नव्हतं.

"अगं, दूध गेलं सगळं," मी म्हटलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. माझ्या घरात, माझ्या दुधाबद्दल, 'जाऊ दे'! आणि मी जाऊ दिलं.

सोमवारी ती वागळे इस्टेटला गेली. परत आली तेव्हा मी दारातच होते, कचरेवाल्याचं निमित्त करून.

"काय विचारलं?"

"कॉम्प्युटरचं थोडंच विचारलं. ते पान त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं होतं. मोठ्या साहेबांनी पहिला प्रश्न केला, त्या भाच्याचं जमलं का."

"आणि?"

"मग त्या बाई म्हणाल्या, चाळीस माणसं अंगावर आली तरी तुम्ही त्यातल्या चार जणींचं खरं म्हणणं शोधून काढलंत, आमच्याकडे हेच काम आहे. आमची गिऱ्हाइकं अशीच असतात." ती चपला काढताना थांबली. "एक तारखेपासून बोलावलंय आई."

म्हणजे चाळीस बायका आणल्या कोणी? पण हे मी मनातच ठेवलं. निदान त्या संध्याकाळपुरतं.

पुढच्या मंगळवारी भजनाला गेले तर सगळ्या गप्प झाल्या. मी ओळखलं. पश्चिमेच्या एक विमलाबाई आहेत, आवाज पेटीपेक्षा मोठा. त्यांनी तोंड उघडलं.

"मंजुळाताई, ऐकलं ते खरं का? तुमची सून कल्याणच्या बाजूने गेली म्हणे."

घरात मी तिला ह्याहून वाईट बोलले होते, त्याच सकाळी, वरणात हिंग नव्हता म्हणून. पण विमलाबाईंना कोणी अधिकार दिला?

"गेली तर गेली," मी म्हटलं. "तिला कामावर जायचंय, चंद्रावर नाही. तुमच्या सुनेचं नाव कुठल्या पानावर आहे ते जरा दाखवा. नाहीतर सूर धरा, उशीर झालाय."

कल्पिताने पेटी ओढली. मी टाळ उचलले.